कॉलम टोबीन: सुरुवात 'ब्रुकलिन'पासून की 'नोरा वेब्स्टर'पासून?

आयरिश कादंबरीकार कॉलम टोबीन वाचायचं ठरवलं की हातात आधी पडतं ते 'ब्रुकलिन'. कादंबरी २००९ची, तिच्यावरचा चित्रपट २०१५चा, त्यामुळे पुस्तक कुठेही मिळतं. 'नोरा वेब्स्टर' (२०१४) मात्र मुद्दाम मागवावं लागतं. दोन्ही एकाच गावातल्या, खरं तर एकाच घरातून निघालेल्या कादंबऱ्या आहेत, तरी वाचकाकडून त्या वेगवेगळ्या गोष्टी मागतात.

टोबीन यांचा जन्म १९५५चा, वेक्सफर्ड परगण्यातल्या एनिस्कॉर्थीचा. ते बारा वर्षांचे असताना शिक्षक असलेले वडील गेले. समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि त्यांतली एक बाई ब्रुकलिनला गेलेल्या आपल्या मुलीबद्दल बोलत राहिली. ही आठवण दोन्ही कादंबऱ्यांच्या मुळाशी आहे. 'नोरा वेब्स्टर'च्या पहिल्याच प्रकरणात समाचाराला येते ती मे लेसी, म्हणजे 'ब्रुकलिन'च्या नायिकेची, एलिशची आई. एका पुस्तकातली मुख्य माणसं दुसऱ्यात पाहुणी म्हणून येतात, ती अशी.

'ब्रुकलिन' चार भागांत आहे आणि घटना पटापट घडतात. १९५०च्या सुमारास काम नाही म्हणून एलिश अमेरिकेला जाते, कपड्यांच्या मोठ्या दुकानात विक्रेती होते, संध्याकाळी हिशेबनिशीचे वर्ग करते, टोनी नावाच्या इटालियन वंशाच्या प्लंबरच्या प्रेमात पडते. मग गावाकडून बातमी येते आणि ती परतते. इंग्रजी सोपं, वाक्यं आखूड. बोटीवरचा प्रवास नीट वाचा. समुद्र खवळलाय, एलिश पोटभर जेवून बसलीय, आणि दोन केबिनींमधल्या सामाईक न्हाणीघराला शेजाऱ्यांनी आतून कडी घातलीय. घर सुटल्याचं दुःख हा लेखक असं सांगतो. एलिशला काय वाटतं यावर तो पानं खर्च करत नाही, दार उघडत नाही एवढंच दाखवतो.

ही शिस्त बातमीदारीतून आलेली आहे. १९७५ साली पदवी घेऊन ते बार्सिलोनाला गेले, परत येऊन डब्लिनमध्ये पत्रकारिता केली, १९८२ ते ८५ 'मॅगिल' मासिकाचे संपादक होते. कोण काय बोललं, कुठे उभं होतं, हे लिहायचं आणि निष्कर्ष वाचकावर सोडायचा.

'नोरा वेब्स्टर'मध्ये हीच पद्धत टोकाला जाते. नवरा गेलेली चार मुलांची आई. थोरल्या दोन मुली, धाकटे दोन मुलगे. समुद्राकाठचं घर विकते, लग्नाआधी जिथे नोकरी केली त्याच कचेरीत परत जाते, पुढे गाणं शिकू लागते. कथानक म्हणून सांगायला एवढंच. पण धाकट्या कॉनरला शाळेने 'अ' तुकडीतून 'ब' तुकडीत टाकल्यावर ती शाळेसमोर धरणं धरायची धमकी देते आणि शिक्षकांना विधवेच्या शापाची आठवण करून देते, तो प्रसंग अख्ख्या 'ब्रुकलिन'पेक्षा जड आहे. मोठ्या डोनलचं बोलताना अडखळणं लेखकाच्या लहानपणातून आलेलं आहे. हे पुस्तक लिहून व्हायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला, आणि ते जाणवतं.

इथे वाचक अडखळतात ते एकाच कारणाने: पहिल्या शंभर पानांत काहीतरी घडेल म्हणून थांबतात. रोज दहा-दहा पानं वाचली तर हे पुस्तक निसटतं. सुट्टीचे दोन दिवस काढून बसा. प्रवासात वाचायचं असेल किंवा इंग्रजी कादंबरीची सवय नसेल, तर 'ब्रुकलिन' घ्या. घरातलं कुणी गेल्यानंतरचे महिने जवळून पाहिले असतील, तर सरळ 'नोरा वेब्स्टर' घ्या. दोन्हींत उजवी तीच.

चित्रपट आधी पाहिला असेल तरी 'ब्रुकलिन' सोडू नका. चित्रपट शेवटी एक पाऊल पुढे जाऊन दिलासा देतो. कादंबरी त्याआधीच, जास्त अवघड जागी थांबते.

'द मास्टर' (२००४) मात्र पहिलं पुस्तक म्हणून नको. अमेरिकी कादंबरीकार हेन्री जेम्स यांच्या १८९५ ते १८९९ या काळावरची ही अकरा प्रकरणं आहेत, वाक्यं लांब, आणि जेम्स यांचं काहीच वाचलेलं नसेल तर अर्धी गंमत जाते. व्हेनिसच्या खाडीत मृत मैत्रिणीचे कपडे बुडवायला जातात आणि ते हवा भरून पुन्हा वर येतात, या एका दृश्यासाठी नंतर जरूर वाचा. बुकरच्या अंतिम यादीत टोबीन तीनदा आले, त्यांतलं हे दुसरं.

पत्रकार टोबीनच हवे असतील तर 'बॅड ब्लड' शोधा. १९८६च्या उन्हाळ्यात डेरीपासून न्यूरीपर्यंत आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड यांच्या सीमेलगत केलेल्या पायपिटीचं ते पुस्तक. १९८७ला ते वेगळ्या नावाने, छायाचित्रांसह निघालं होतं, म्हणून जुनी प्रत घेताना नाव तपासा.

'लाँग आयलंड' (२०२४) हा 'ब्रुकलिन'चा पुढचा भाग. एलिशने कोणता रस्ता धरला हे त्यात पहिल्या पानापासूनच उघड होतं, त्यामुळे दुकानात नवं म्हणून पुढे मांडलेलं दिसलं तरी आधी घेऊ नका.