पोवई नाक्याजवळचा एसएसबी वर्ग: शिकवणं उत्तम, नोट्स सुधारा

पुतणी सीडीएसची (सैन्यात अधिकारी होण्याची परीक्षा) लेखी पास झाली, आता एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या-मुलाखतीचं, बोलावणं आलंय. गटचर्चेचे विषय पक्के व्हावेत म्हणून तिला साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका अकादमीत रविवारच्या बॅचला घातलं. पालकांना मागे बसू देतात. माझी सगळी नोकरी लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संपर्क विभागात, गेली, त्यामुळे ‘नेटवर्कवरचं युद्ध आणि मित्रदेश’ हा विषय निघाल्यावर मी कान देऊन ऐकलं.

सरांनी थेट 14 एप्रिल 1994 चा उत्तर इराकमधला प्रसंग घेतला. अमेरिकेच्या दोन एफ-15 विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. 26 जण गेले, त्यांत ब्रिटिश, फ्रेंच, तुर्की अधिकारी आणि कुर्दही होते. वर टेहळणीला अवॅक्स हे रडारवालं विमान होतं! पण हेलिकॉप्टरं वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर होती, आणि त्या भागासाठी ओळखीचा कोड वेगळा आहे हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. जबलपूरच्या सिग्नल्सच्या ट्रेनिंग सेंटरात उस्ताद आमच्याकडून फ्रिक्वेन्सी आणि कॉल साइन का घोटून घ्यायचे, ते पोरांना या एका उदाहरणात समजलं. एकाच देशाच्या फौजेत हे होतं, तर अनेक देश एकत्र लढताना किती आधीपासून ठरवावं लागत असेल!

लिंक 16, म्हणजे नाटो आणि मित्रदेशांची विमानं-जहाजं एकमेकांना माहिती पाठवतात ते रेडिओ नेटवर्क, तर सुरेख शिकवलं. सेकंदाचे 128 भाग, प्रत्येक रेडिओ सेटनं आपल्या वाट्याच्या भागातच बोलायचं. सरांनी पोरांना रांगेत उभं करून टाळीवर आकडे म्हणायला लावले. एकाची पाळी चुकली की दोघांचेही आकडे ऐकू येईनात.

छापील नोट्स मात्र तातडीनं दुरुस्त करा. त्यांत क्वाडला (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया) ‘आशियाची नाटो’ म्हणून मोकळे झालेत. नाटोचे 32 देश कलम 5 नं बांधलेले आहेत, एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा. क्वाडमधल्या कुणाशीच आपला तसा करार नाही. मलबार हा नौदलांचा सराव आहे, 1992 पासूनचा. चारही देश त्यात एकत्र आले 2007 मध्ये एकदा, आणि मग पुन्हा 2020 मध्ये. 2018 च्या कॉमकासा करारामुळे अमेरिकेची सुरक्षित संपर्क यंत्रणा आपल्याला मिळू शकते, पण लढायला येण्याचं वचन त्यात कुणीच दिलेलं नाही. मुलाखतीत पोरानं नोट्समधलं वाक्य म्हटलं, तर पुढच्या दोन प्रश्नांत तो अडकणार.

खोली हवेशीर आहे, फी वाजवी. सीडीएस-एनडीएवाल्यांनी जरूर जावं. फक्त वर्ग सकाळी आठला भरतो. अपशिंगे, कोरेगावकडून एसटीनं येणाऱ्या पोरांची पहिली वीस मिनिटं बुडतात. नऊची वेळ करावी.