भोसरीच्या टूलरूममध्ये झेडएफएस: 11 महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या वर्षी एका जुन्या ग्राहकाची रिपीट ऑर्डर आली. 2017 साली करून दिलेलं फिक्स्चर, तेच पुन्हा हवं होतं. ड्रॉइंगची फाईल सर्व्हरवर होती. नाव, साइझ, तारीख सगळं बरोबर. पण उघडेना. बॅकअपमधून काढली, तीही उघडेना. आमच्याकडे दरवर्षी एप्रिलमध्ये नवा पूर्ण बॅकअप घेऊन जुना पुसायची पद्धत होती. फाईल मधल्या काळात कधीतरी सर्व्हरवरच खराब झाली आणि पुढच्या एप्रिलमध्ये तीच खराब प्रत बॅकअपमध्ये गेली. स्टोरेज बॉक्स रेड-5 वर होता (एक डिस्क गेली तरी डेटा राहील अशी अनेक डिस्कची रचना), सगळे दिवे हिरवे होते, लॉगमध्ये एक ओळ नव्हती. मालकांनी विचारलं, "बाकीच्या फाइली तरी नीट आहेत ना?" मला उत्तर देता आलं नाही. सात वर्षं मीच तो सर्व्हर सांभाळत होते.

त्या एका प्रश्नापायी मी झेडएफएसकडे, म्हणजे डिस्कवरचा डेटा मांडणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या एका फाईल सिस्टिमकडे, वळले. वेग आणि किंमत नंतर आली. साधा रेड-5 फाईल वाचताना परिटी (हरवलेला डेटा पुन्हा बांधायला ठेवलेली जादा माहिती) तपासत नाही. डिस्कने जे दिलं ते खरं मानतो. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे डेटाच्या तुकड्याचा, चेकसम (मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) ठेवतं, आणि तो त्या ब्लॉकशेजारी न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवतं. ही साखळी थेट मुळापर्यंत जाते. त्यामुळे डिस्कने चुकीचा ब्लॉक दिला तरी ते पकडलं जातं आणि परिटीवरून खरा ब्लॉक पुन्हा बांधता येतो. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी 2001 मध्ये हे काम सुरू केलं, 2005 मध्ये ते सनच्या ओपनसोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आलं, आणि आज आपण लिनक्सवर किंवा फ्रीबीएसडीवर वापरतो ते ओपनझेडएफएस त्याच कोडमधून वाढलेलं आहे.

आमची मशीन अशी: 8 टीबीच्या 12 डिस्क, सहा-सहाचे दोन रेडझेड-2 गट (झेडएफएसचा दोन डिस्कइतकी परिटी ठेवणारा रेड), 64 जीबी ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका पकडणारी). कागदावर 64 टीबी जागा. प्रत्येक गटात दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. खरेदीच्या वेळी डीलरने रेड कार्डाचा फार आग्रह केला. "मॅडम, कार्डाशिवाय सर्व्हर देतो का कुणी?" पण झेडएफएसला डिस्क थेट दिसायला हव्यात. मध्ये कार्डाने आपला रेड बांधला तर चूक कुठल्या डिस्कची हे त्याला कळत नाही आणि दुरुस्त करायला त्याच्या हातात काही उरत नाही. साधं एचबीए कार्ड (डिस्क नुसत्या जोडून देणारं) घ्या, आणि डिस्क घेताना ती एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी) नाही ना हे मॉडेल नंबरवरून तपासून घ्या. एसएमआर डिस्कवर एरवी काही जाणवत नाही. बदललेली डिस्क पुन्हा भरायची वेळ येते तेव्हा ती कित्येक दिवस लावते.

तिसऱ्या महिन्यात जे घडलं त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पैसे वसूल झाले ते तिथे. महिन्यातून एकदा रविवारी स्क्रब लावते, म्हणजे साठवलेला प्रत्येक ब्लॉक वाचून चेकसमशी ताडला जातो. त्या सोमवारी सकाळी झेडपूल स्टेटस (डिस्कची स्थिती दाखवणारी कमांड) बघितलं तर चार डिस्कपुढे चेकसमच्या चुका: 3, 7, 2, 5. सगळ्या दुरुस्त झालेल्या, एकही फाईल गेलेली नाही. चार नव्या डिस्क एकदम बिघडतील हे पटेना. स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीचे) आकडे पाहिले तर डिस्क स्वच्छ, फक्त सीआरसी चुकांचा, म्हणजे केबलवरून येताना बिघडलेल्या डेटाचा आकडा चारींवर वाढलेला. कॅबिनेट उघडलं. त्या चारही डिस्क एचबीएच्या एकाच पोर्टमधून निघून चार फाटे होणाऱ्या एका केबलवर होत्या. केबल बदलली, आकडे शून्यावर आणले, पुन्हा स्क्रब लावला. आठ तासांनी बाराही डिस्कपुढे शून्य. जुन्या बॉक्समध्ये हीच केबल असती तर हे मला आणखी एखाद्या ग्राहकाच्या रिपीट ऑर्डरच्या दिवशी कळलं असतं.

आठव्या महिन्यात एक डिस्क खरोखर गेली. गुरुवार होता. गुरुवारी लाईट जाते हे भोसरीत सगळ्यांना ठाऊक आहे. यूपीएसने मशीन नीट बंद केली, लाईट आल्यावर चालू झाली, पण एक डिस्क उठलीच नाही. कपाटात ठेवलेली जादा डिस्क लावली आणि 13 तासांत ती भरून झाली. तेवढ्या वेळात डिझाइनची माणसं कामावरच होती. मोठी असेंब्ली उघडायला जरा वेळ लागतो, एवढीच तक्रार आली. जादा डिस्क आधीच आणून ठेवा. ऐनवेळी तेच मॉडेल बाजारात मिळेलच असं नाही.

रोजच्या वापरात सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे स्नॅपशॉट, त्या क्षणाच्या डेटाची गोठवलेली प्रत. दर तासाला एक, 48 तासांसाठी. रोजचा एक, 60 दिवसांसाठी. साम्बामधून (विंडोजला सर्व्हरवरच्या फाइली दाखवणारं सॉफ्टवेअर) ते विंडोजच्या 'प्रिव्हियस व्हर्जन्स'मध्ये दिसतात. पहिले दोन महिने आमचे एक ज्येष्ठ डिझायनर दर आठवड्याला माझ्या टेबलाशी यायचे, "अहो, काल दुपारची फाईल परत मिळेल का?" एकदा बसून त्यांना राइट-क्लिक दाखवलं. आता ते स्वतः काढतात आणि नव्या मुलांनाही शिकवतात. स्नॅपशॉट फक्त वाचता येतात, म्हणून एखाद्या पीसीवर रॅन्समवेअर आलं आणि शेअरवरच्या फाइली लॉक झाल्या तरी तासाभरापूर्वीच्या प्रती शाबूत राहतात. अर्थात सर्व्हरचा रूट, म्हणजे मुख्य अधिकाराचा, पासवर्ड हाती लागला तर स्नॅपशॉटही पुसता येतात. म्हणून बॅकअपच्या दुसऱ्या मशीनला स्वतःचं वेगळं खातं दिलं आहे आणि इथला डेटा तीच ओढून नेते. भोसरीच्या मशीनकडे तिची किल्ली नाही.

दुसरी मशीन चाकणच्या शेडमध्ये आहे. पहिली पूर्ण प्रत 30 टीबीची होती. आमच्या 100 एमबीपीएसच्या लाईनवरून ती पाठवायला जवळजवळ चार आठवडे लागले असते. म्हणून दोन्ही मशीन भोसरीत शेजारी ठेवून प्रत केली, तीन दिवस लागले, आणि मग ती मशीन गादीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवरून चाकणला नेली. आता रात्री फक्त बदललेले ब्लॉक जातात, साधारण 40 जीबी, तासाभरात. दर महिन्याला चाकणच्या प्रतीतून दहा जुनी ड्रॉइंग निवडून डिझाइन विभागाला उघडायला लावते. चेकसम बरोबर असला म्हणजे फाईल मुळात नीट सेव्ह झाली होती असं होत नाही. ते माणसानेच उघडून बघायला लागतं.

आता जे खटकतं ते. स्नॅपशॉटमुळे जागेचा हिशोब लोकांना पटत नाही. इन्स्पेक्शनवाल्यांनी 4 टीबीचे जुने स्कॅन पुसले आणि जागा एक जीबीनेही वाढली नाही. ती 60 दिवसांनी, ते स्कॅन धरून ठेवणारे स्नॅपशॉट गेल्यावर सुटली. कुठला स्नॅपशॉट पुसला तर किती जागा सुटेल हे आधी नुसतं विचारून बघता येतं, पण ते काम कमांड लाईनवरच करावं लागतं आणि घाईत करू नये.

मी स्वतः दोन ठिकाणी पैसे वाया घालवले. लेखन जलद व्हावं म्हणून एसलॉगसाठी (लेखनाची नोंद आधी पटकन ठेवून घेणारा भाग) दोन महाग एसएसडी घेतल्या. एसलॉगचा उपयोग सिंक लेखनाला, म्हणजे डेटा पक्का उतरल्याची वाट पाहणाऱ्या लेखनाला: डेटाबेस किंवा एनएफएस या नेटवर्क शेअरवरची व्हर्च्युअल मशीन. आमचं सगळं काम विंडोज शेअरवरून, त्यामुळे त्या एसएसडी बसून आहेत. दुसरं म्हणजे वाचनासाठी एसएसडीचा कॅश. 64 जीबी रॅममधूनच बहुतेक वाचन भागतं हे आधी आकडे बघून कळलं असतं. त्या पैशात आणखी रॅम आली असती. डीडुपच्या (एकसारखे ब्लॉक एकदाच साठवणं) वाटेला मात्र गेले नाही. प्रत्येक ब्लॉकची नोंद रॅममध्ये लागते आणि आमच्या फाइली एकमेकींसारख्या नसतात. एलझेड-4 कॉम्प्रेशन डोळे झाकून चालू ठेवा; स्कॅनच्या टेक्स्ट फाइली त्यात खूप आटतात.

लाखो छोट्या फाइलींचा फोल्डर उघडायला वेळ लागतो, आणि यावर स्वस्त उपाय नाही. मेटाडेटासाठी (फाइलींची नावं, जागा यांच्या नोंदी) वेगळ्या एसएसडीचा गट जोडता येतो, पण तो गट गेला तर पूर्ण पूल, म्हणजे सगळ्या गटांची मिळून असलेली साठवण, जाते. तेवढा धोका पत्करायची माझी तयारी नाही.

अपडेटच्या बाबतीत मी मुद्दाम मागे राहते. ओपनझेडएफएसची 2.2 आवृत्ती आल्यावर नोव्हेंबर 2023 मध्ये काही फाइलींच्या प्रतींमध्ये शून्यं भरली जात असल्याचं आढळलं. मूळ दोष आधीच्या आवृत्त्यांतही होता असं निघालं आणि 2.2.2 व 2.1.14 मध्ये तो दुरुस्त झाला. प्रत काढतानाच चुकीचा मजकूर लिहिला गेला तर त्याचा चेकसम बरोबरच निघतो, स्क्रबला तो पकडता येत नाही. म्हणून चाकणची मशीन आधी अपडेट करते, महिनाभर बघते, मग भोसरी. आणि पूलला नव्या आवृत्तीच्या सोयी चालू करणारी झेडपूल अपग्रेड ही कमांड तर आणखी उशिरा, कारण ती दिली की जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही. लिनक्सवर झेडएफएस लायसन्समुळे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेर राहतं. नव्या कर्नलला आधार आहे ना, हे दरवेळी आधी बघावं लागतं.

आत्ता 43 टीबी भरले आहेत आणि महिन्याला सव्वा टीबीच्या आसपास वाढ आहे. पूल 80 टक्क्यांच्या पुढे भरू द्यायचा नाही असं मी ठरवलं आहे. मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत उरली की लेखन मंदावतं. म्हणजे सहा महिने हातात आहेत. 2025 मध्ये आलेल्या 2.3 पासून रेडझेडच्या गटात एकेक डिस्क वाढवता येते, पण जुना डेटा परिटीच्या जुन्याच प्रमाणात राहतो. मी सहा डिस्कचा तिसरा गट मागितला आहे. मालकांनी किंमत विचारली, मग त्यांचा तोच जुना प्रश्न विचारला. मी त्यांना नुकत्याच झालेल्या रविवारच्या स्क्रबचा कागद दाखवला: 11 तास, चुका शून्य. कोटेशन मागवायला सांगितलं आहे.