दिवाळी ते श्रावण: भात-पोहे कमी करून पाहिल्याचा अनुभव

ज्यांना सगळं वाचायचं नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. साखर सुधारली, पोट आत गेलं, कोलेस्टेरॉलने मध्येच घाम फोडला. कडक कीटो, म्हणजे कार्ब (भात-पोळी-साखरेतली कर्बोदकं) जवळपास बंद करून चरबीवर भागवायचा आहार, आमच्या शाकाहारी घरात टिकलं नाही. कार्ब निम्म्यावर आणणं मात्र टिकलंय आणि अजून चालू आहे.

मी कोथरूडचा, पन्नाशीला टेकलेला, दिवसभर खुर्चीत. दिसायला जाडा कधीच नव्हतो, त्यामुळे दिवाळीआधीच्या तपासणीत एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.३ आली तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसेना. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. बारीक माणसाला हे कसं, याचं उत्तर आपल्या पुण्यातच सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली चरबी अंगावर दिसत नाही, पोटात लपते. वजनकाट्यावर खूश असणाऱ्यांनी एकदा कमरेला टेप लावून बघावा.

सुरुवात कडक केली. दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत कार्ब. कागदावर हे सोपं वाटतं. पण कोरड्या पोह्यांत शंभर ग्रॅममागे ७५ ग्रॅमहून जास्त कार्ब असतात. म्हणजे सकाळी भरलेली एक बशी पोहे खाल्ले की दिवसाचा कोटा जवळजवळ संपला, संध्याकाळपर्यंत हरी हरी. पहिल्या पंधरवड्यात वजन झपाट्याने उतरलं आणि सोसायटीत मी लगेच तज्ज्ञ ठरलो. त्यातलं बरंचसं पाणी होतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीराची साठवणीची साखर) साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, साठा संपला की तेही जातं. जाहिरातींतले 'दहा दिवसांत चार किलो' यातूनच येतात. बरोबर पोटऱ्यांत गोळे, बद्धकोष्ठ आणि तोंडाला एक विचित्र वास, हेही आलं. मीठ घातलेलं ताक आणि भरपूर पालेभाजी यांनी गोळे आणि पोट सावरलं. वास मात्र कीटो सोडेपर्यंत गेला नाही, बायकोला विचारा.

खरा उपयोग झाला तो ग्लुकोमीटरचा. बोटाला टोचून, खाल्ल्यावर बरोबर दोन तासांनी रक्तातली साखर मोजायची (आकडे मिग्रॅ/डीएलमध्ये). कांदेपोहे: १७२. साबुदाणा खिचडी: १८८, आणि ही म्हणे उपवासाची! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, शेंगदाण्याचं कूट बिचारं किती सांभाळणार. अख्ख्या मुगाचं धिरडं आणि दही: १२६. ज्वारीची एक भाकरी, पिठलं आणि वाटीभर मेथी: १३१. तीच भाकरी नुसत्या गुळ-तुपाबरोबर खाल्ली तर दीडशेच्या वर. आणखी एक गोष्ट, जी फुकटात होते: आधी कोशिंबीर आणि उसळ संपवायची, भात शेवटी घ्यायचा. भात तेवढाच, तरी आकडा वीस-पंचवीसने खाली. यावर अभ्यासही झालेले आहेत, पण स्वतःच्या बोटातून आलेल्या थेंबावर माणसाचा विश्वास जास्त बसतो. हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील.

कडक कीटो माघानंतर सोडलं. कारण एकच, प्रथिनं. मांसाहारी माणसाला मासे-अंडी आहेत. आमच्याकडे अंडंसुद्धा गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर. डाळी-उसळींतही कार्ब असतात, तेव्हा कडक हिशेबात त्याही बाद, मग उरतं काय? पनीर, तूप, नारळ, परत पनीर. महिन्याचं पनीरचं बिल बघून आई म्हणाली, "अरे, यापेक्षा म्हैस पाळ." त्याच सुमारास एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ११८ वरून १५१ वर गेलं. सगळ्यांचं वाढत नाही, पण काहींचं चांगलंच वाढतं, म्हणून लिपिड (रक्तातली चरबी) तपासल्याशिवाय तुपाचे डबे रिकामे करू नका. २०१८ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आलेल्या मोठ्या निरीक्षणात असं दिसलं होतं: कार्बच्या जागी मांसासारखं प्राणिजन्य आलं तर मृत्यूचं प्रमाण वाढलेलं, शेंगदाणे-भाज्यांसारखं वनस्पतीजन्य आलं तर कमी झालेलं. निरीक्षणच ते, पुरावा म्हणून छातीठोक नाही. मी तूप दोन चमच्यांवर आणलं, मटकी-चवळी परत आणली, एलडीएल १२४ ला उतरलं.

सध्याचं ताट असं: एक भाकरी, भात फक्त रविवारी, भाजी दुप्पट, रोज एक उसळ, ताक. चहात साखर नाही. घरी हे जमतं, बाहेर अमृततुल्यमध्ये साखर आधीच पातेल्यात उकळत असते, तिथे 'बिनसाखरेचा द्या' म्हटलं की मागची रांग हसते. मिसळ चालते, मटकी आहे त्यात. फरसाण कमी सांगायचं आणि पाव परत करायचा. "पाव नको? मग मिसळ कशाला घेतली?" हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

पैसे कशावर घालवू नयेत तर तयार 'कीटो आटा' आणि 'लो-कार्ब' बिस्किटांवर. पिठाची पोळी लाटताना रबरासारखी ताणते, बिस्किटांना साबणाची चव. तेवढ्या पैशात मंडईतून आठवड्याची पालेभाजी येते.

आणि घराघरांत चालणारा वाद: दोनदाच जेवायचं, दर दोन तासांनी खायचं की कार्ब तोडायचे? जेवणाच्या वेळांचं मला सांगता येणार नाही, पण कार्ब तोडण्यावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला, निकाल २०१८ ला आला. कमी चरबीवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कार्बवाल्यांचं ६. फरक नगण्य. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळायला, भाज्या वाढवायला सांगितलं होतं. माझाही संशय तोच आहे, खरं काम साखर-मैदा टाळणं आणि भाज्या वाढवणं हेच करतं. माझी एचबीए१सी आता ५.८ आहे. ती तुपाने नाही, पोहे, साबुदाणा आणि दुपारचा दुसरा भात गेल्यामुळे उतरली. जेवणानंतरच्या चालण्याचाही हातभार असणार, तो वेगळा काढून दाखवता येत नाही.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर मात्र माझं बघून काही करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेताना अचानक भात-पोळी तोडली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्यांवर कडक कीटो केलं तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. आधी डॉक्टर, डोस, मग ताट. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

पुढची एचबीए१सी आणि लिपिड गणपतीनंतर. मोदक खाणार आहे, भात वगळून.