ट्रॅकसाठी गाडी तयार करून घेताय? ब्रेकच्या कामात मला कसं फसवलं ते आधी वाचा

ब्रेकचं काम केलंच नाही आणि पैसे मात्र पूर्ण घेतले, एवढं एका ओळीत सांगून संपतं. पण नक्की काय काय केलं ते नीट सांगितलं नाही तर वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. गाडी माझी ऑडी टीटी, दुसऱ्या पिढीची, 2.0 टीएफएसआय, 211 पीएस, क्वाट्रो (म्हणजे चारी चाकांना ताकद), सेकंडहँड घेतलेली. मी रत्नागिरीचा, धंदा आंब्याचा. इकडे असल्या गाड्या मोजक्याच, त्यामुळे साधी सर्व्हिस कशीतरी होते पण ट्रॅकचं काम म्हटलं की गाडी घाटावर पाठवायला लागते, आणि गाडी एकदा फ्लॅटबेडवर चढून आंबा घाटापलीकडे गेली की तिकडे तिच्यावर कोण काय करतंय हे आपल्याला दिसत नाही, फक्त फोनवर फोटो येतात. ह्या दिसत नसण्यावरच असल्या वर्कशॉपवाल्यांचा सगळा धंदा चाललाय.

कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवे ह्या रेसट्रॅकवर ट्रॅक डे होता, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस. ट्रॅक 2.1 किलोमीटरचा, म्हणजे तसा छोटा, पण छोटा असला तरी ब्रेकला उसंत फार कमी मिळते, एक वळण झालं की लगेच दुसरं. त्यामुळे मला आधी ब्रेक हवे होते, पॉवर नंतर. वर्कशॉपवाल्याने (नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे) मोठी यादी करून दिली: रेसिंगचं ब्रेक ऑइल, ट्रॅक कंपाउंडचे (जास्त तापलं तरी पकडणारे) ब्रेक पॅड, चार सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीचे जास्त पकडीचे) टायर, डीएसजीचं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल आणि फिल्टर, हॅलडेक्सचं (मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या क्लचचं) ऑइल, आणि स्टेज 1 रीमॅप (पॉवर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) डायनो शीटसकट, म्हणजे मशीनवर पॉवर मोजून काढलेल्या ग्राफसकट. सगळे मिळून 3 लाख 40 हजार, त्यातला बराचसा हिस्सा अॅडव्हान्स. "सर, तुम्ही फक्त गाडी पाठवा, बाकी आमच्यावर सोडा," असं रोज फोनवर. वागायला इतका गोड माणूस की बोलताना वाटायचं हा आपल्यापेक्षा जास्त काळजी करतोय गाडीची.

फोटोही आले. पॅडचा सीलबंद डबा, ऑइलच्या बाटल्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले टायर. आता मागे वळून ते फोटो बघितले की कळतं, एकाही फोटोत माझी गाडी नाही. डबा टेबलावर, बाटली टेबलावर, मागे पांढरी भिंत नाहीतर लिफ्टवर दुसऱ्याच गाड्या. आपल्याकडे वर देवगडची पेटी आणि आत कर्नाटकचा आंबा हा प्रकार सगळ्यांना माहिती आहे, इथे तर पेटीसुद्धा दुसऱ्याच कोणाची होती.

ब्रेक ऑइलबद्दल थोडं सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. साधं डॉट 4 ऑइल नवीन असताना किमान 230 डिग्रीला उकळतं, आणि त्यात पाणी मुरलं (3.7 टक्के पाणी धरून ते मोजतात) की हा आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट 5.1 चे आकडे 260 आणि 180. रेसिंगची ऑइलं नवीन असताना 300 डिग्रीच्या वर जातात. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, हा त्याचा स्वभावच आहे, आणि आपल्याकडच्या समुद्राच्या दमट हवेत ते किती लवकर ओलं होत असेल ह्याचा विचार करा. रोजच्या चालवण्यात फरक कळत नाही कारण ब्रेक तेवढे तापतच नाहीत. ट्रॅकवर कॅलिपर (चाकातला पॅड दाबणारा भाग) भयंकर तापतो, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल सरळ खाली जातं. पॅड तापून बसले तर वेगळं होतं, तेव्हा पेडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही. हा फरक लक्षात ठेवा, कुठे गडबड आहे ते पायालाच कळतं.

माझं पेडल खाली गेलं. सुरुवातीच्या राउंडना मी दमानेच चालवत होतो, इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेले. मग जरा वेग वाढवला, एका वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा लांब गेलं, पुढच्या वळणाला आणखी लांब, आणि सरळ पट्टा संपताना पाय फ्लोअरला टेकला. इन्स्ट्रक्टर ओरडले, "पंप, पंप!" मी पेडल पंप करतोय, गिअर खाली टाकतोय, आणि गाडी ट्रॅक सोडून सरळ बाहेर गवतात गेली. बाहेर मोकळी जागा होती म्हणून आम्ही दोघं धडधाकट आहोत. हेच आंबा घाटात उतरताना झालं असतं तर, हा विचार मला आजही झोपू देत नाही, कारण तीच गाडी घेऊन मी बायको-मुलांना कोल्हापूरला नेणार होतो.

वर्कशॉपला तिथूनच फोन केला. उत्तर काय, तर "सर, तुमची ड्रायव्हिंग स्टाईल अॅग्रेसिव्ह आहे, ट्रॅकवर असं होतं." नवीन रेसिंग ऑइल, नवीन ट्रॅक पॅड, आणि मोजक्या राउंडमध्ये पेडल गायब, आणि दोष माझ्या पायाचा.

गाडी रत्नागिरीला आणून आमच्या एमआयडीसीतल्या काकांकडे नेली. काकांनी आयुष्यभर ट्रक आणि जीपगाड्याच केल्यात, टीटी त्यांनी आधी उघडलेली नव्हती, पण ब्रेक तो ब्रेक. त्यांनी पुढचं चाक काढलं आणि ऑइलची बाटली सोडून आधी कॅलिपरवरच्या निपलकडे बघितलं. ब्रेकची हवा काढायची, जुनं ऑइल बाहेर काढायचं म्हटलं की हा निपल पान्याने सोडायलाच लागतो, दुसरा रस्ता नाही, आणि पाना लागला की षटकोनाच्या कडा थोड्या तरी चकाकतात. काकांनी निपलवरची रबरी टोपी नखाने उचलली. आत लाल माती, सुकून दगड झालेली, निपलच्या भोकात बसलेली. षटकोनावर गंज जसाच्या तसा. काका म्हणाले, "अरे, ह्याला पानाच लागलेला नाय. आपल्याकडची माती हाय ही, तिकडनं फिरून परत आली." चारी चाकांना तेच. पावसात गावाकडच्या रस्त्याने चालवताना जी जांभ्याची माती उडालेली ती त्या टोपीखाली बसून घाटावर जाऊन आली, गाडी वरून चकाचक धुतली पण तिथे कोणाचा हातच गेला नव्हता.

मग वर बोनेटखाली ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल स्वच्छ, सोनेरी का दिसत होतं? तेही काकांनी दाखवलं. सिरिंजने टाकीतलं वरचं ऑइल ओढून घ्यायचं आणि तेवढंच नवीन भरायचं. बोनेट उघडून कोणीही बघितलं तर नवं ऑइल दिसतं. काकांनी निपल सोडल्यावर पाइपातून आलं ते काळपट तपकिरी, आणि टेस्टरवर पाणी इतकं की लाल दिवा लागला. म्हणजे जिथे ऑइल तापतं, कॅलिपरमध्ये, तिथे जुनंच होतं. हे नुसतं पैसे खाणं नाही, समोरच्याच्या जिवाशी केलेला खेळ आहे, मला ह्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त राग आहे.

पॅडचं तसंच. मागच्या पत्र्याला रंग मारलेला, त्यावर नवा स्टिकर. ट्रॅकवर तापल्यावर रंगाचे पोपडे निघाले आणि खाली जुना रंग, जुना कोड. पॅडच्या कडेला किंवा पाठीवर बहुतेक वेळा दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, पहिलं अक्षर थंड असतानाची पकड, दुसरं तापल्यावरची, ई पेक्षा एफ जास्त, एफ पेक्षा जी जास्त. माझ्या पॅडला हा कोड घासून उडवायचा प्रयत्न केलेला, पण एका पॅडवर राहिला होता, आणि तो साध्या रस्त्याच्या पॅडचा.

टायर तर मी बाहेरून बघून नवीनच समजत होतो, खोबण्या खोल, रबर काळंकुळीत. टायरवर तारीख चार आकड्यांत असते, 3116 म्हणजे 2016 सालचा 31 वा आठवडा. पण हा पूर्ण कोड बरेचदा एकाच बाजूला असतो, आणि ह्यांनी चारी टायर कोडची बाजू आत करून बसवलेले. चाक काढल्याशिवाय दिसणारच नाही. सगळे जुने निघाले, कुठेतरी वर्षानुवर्षं पडून राहिलेले, रबर कडक झालेलं, वरून पॉलिश मारलेलं.

रीमॅपचं शोधायला मात्र स्कॅनर लागला. गाडी घेतली तेव्हाच मी ओबीडीवरून (गाडीतल्या स्कॅनर लावायच्या सॉकेटवरून) पूर्ण स्कॅन काढून ठेवला होता, त्यात इंजिनच्या कॉम्प्युटरचा सीव्हीएन नंबर येतो, तो आतल्या सॉफ्टवेअरवरूनच तयार होतो त्यामुळे मॅप बदलला की साधारणपणे तोही बदलतो. परत काढला, अक्षर न अक्षर तोच. काही ट्यूनर मुद्दाम जुनाच नंबर दाखवायची सोय करतात हेही खरं, म्हणून नुसत्या ह्यावर मी आरोप केला नसता, पण डायनो शीट बघा, ग्राफची रेघ साडेसात हजार आरपीएमच्या पुढे गेलीय. माझ्या गाडीचा कट, म्हणजे इंजिन त्यापुढे फिरूच देत नाही ती मर्यादा, त्याच्या बराच आधी येतो. तो ग्राफ दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा आणि वर माझा नंबर टाइप केलेला. डीएसजी आणि हॅलडेक्सचे प्लगही न उघडलेले, त्यावर जास्त लिहीत नाही.

हे सगळं फोटोसकट पाठवल्यावर गोड आवाज गेला. आधी "मुलांनी चूक केली असेल", मग "गाडी परत पाठवा बघून सांगतो", आणि शेवटी सरळ धमकी, की तुमची गाडी मॉडिफाय केलेली आहे, तक्रार केलीत तर आरटीओला आम्हीच कळवू, आरसी जाईल. ह्या धमकीला अनेक लोक घाबरून गप्प बसत असणार, म्हणून हे नीट वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत असे बदल करण्याबद्दल आहे ज्यामुळे गाडी आरसीवर लिहिलेल्या कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होते. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, त्याच साइझचे टायर, गिअरबॉक्सचं ऑइल, हे सगळं मेंटेनन्स आहे. रीमॅपचा मुद्दा वेगळा, पण जो केलाच नाही त्याच्यावरून मला आरटीओची भीती घालतायत!

वकिलांनी सांगितलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वर्कशॉप कुठेही असो, म्हणजे मला रत्नागिरीतच करता येते, सारखं घाट चढून जायला लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. दोन वर्षांच्या आत करायला लागते. त्याआधी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे नोंद केली की निदान तारखेसकट कागद तयार होतो. गाडी आपल्या वापराची असेल तर आपण ग्राहक, धंद्यासाठी असेल तर अडचण येते. आणि एक, इन्शुरन्सवर विसंबू नका, साध्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपला.

आता गाडी लांब पाठवायचीच असेल तर माझं आग्रहाने सांगणं आहे, काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा, जुने पॅड, जुने टायर, फिल्टर, अगदी रिकाम्या बाटल्यासुद्धा, आणि हे गाडी पाठवायच्या आधी लिहून घ्या, ज्याला काम करायचंय तो नाही म्हणणार नाही. फोटो नको, व्हिडिओ मागा, आणि नंबर प्लेटपासून कॅमेरा न थांबवता चाकापर्यंत आणायला सांगा, निपलला पाइप लावून जुनं ऑइल बाहेर येताना दिसलं पाहिजे. गाडी पाठवायच्या आधी निपलवर नेलपॉलिशचा एक ठिपका, गिअरबॉक्सच्या प्लगवर एक ठिपका, उघडला की तुटतो. डायनो एकाच दिवशी आधी आणि नंतर, दोन्ही शीट. पक्कं बिल जीएसटी नंबरसकट, आणि तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, एक मिनिटाचं काम आहे. "बिल नको, दुसऱ्या नंबरवर यूपीआय करा, 18 टक्के वाचतील" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. मी बँकेतून पाठवले होते म्हणून आज माझ्याकडे पुरावा आहे.

नोटीस गेल्यावर त्यांचा निरोप आला, निम्मे पैसे परत देतो, काही तक्रार नाही असं लिहून द्या. मी नाही म्हटलं. माझी गाडी तिथे होती तेव्हा फोटोंच्या मागे लिफ्टवर दुसऱ्या गाड्याही दिसतायत, त्यातल्या काही आत्ता कुठल्यातरी घाटात माणसं घेऊन उतरत असतील आणि चालवणाऱ्याला वाटत असेल की ब्रेक नवीन आहेत. लिहून दिलं की मला बोलता येणार नाही. कोणी लांबच्या वर्कशॉपमधून ब्रेकचं काम करून आणलं असेल, कुठल्याही, तर ट्रॅकची वाट बघू नका, ह्या रविवारी एक चाक काढा आणि निपलची टोपी उचलून बघा.