कमी दिसणाऱ्यांसाठी कॉम्प्युटर: स्केल वाढवायचं, नुसती अक्षरं वाढवायची की मॅग्निफायर लावायचा?

नाशिकच्या बाजार समितीत अडत्याच्या गाळ्यावर हिशेबपट्ट्या करणारा माणूस दिवसभर एकाच स्क्रीनकडे बघत असतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, भाव, हमाली, तोलाई. नजर कमी झाली की आकड्यांच्या आधी गावं चुकायला लागतात. घोटीचा घ ध वाटतो, चांदवडचा अनुस्वार दिसेनासा होतो, आणि एकाच नावाचे दोन शेतकरी असले की पट्टी भलत्याच्या खात्यावर जाते. अशा माणसाला किंवा त्याच्या मालकाला दुकानात सल्ला मिळतो तो एवढाच, की मोठा मॉनिटर घ्या. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

आधी एक गोष्ट डॉक्टरांकडून नीट समजून घ्या: दिसणं मधून कमी झालंय की कडेने? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अल्पदृष्टीच्या व्याख्येत दोन्ही बाजू आहेत. चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ (निकोप डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) पेक्षा कमी ते ३/६० पर्यंत, किंवा दिसण्याचं क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत. वय वाढल्यावर डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग खराब झाला असेल, तर अक्षर जितकं मोठं तितकं बरं. काचबिंदूने कडेचं दिसणं गेलं असेल, तर उलटं होतं. अक्षर फार मोठं केलं की उरलेल्या चिंचोळ्या जागेत दोनच अक्षरं मावतात आणि ओळ हरवते. त्यांना मध्यम आकार आणि काळ्यावर पांढरा असा ठळक रंगभेद जास्त उपयोगी पडतो. हे ठरवल्याशिवाय सेटिंगला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता पर्याय. विंडोजवर डिस्प्लेमध्ये स्केल म्हणून जे असतं, ते खिडक्या, बटणं, चिन्हं, अक्षरं सगळंच वाढवतं. नेहमीच्या यादीबाहेर कस्टममध्ये १०० ते ५०० टक्क्यांपर्यंत जाता येतं. रोजच्या कामाला मी यालाच पहिली पसंती देतो, कारण माऊसने नेम धरायची जागाही मोठी होते. पण ते स्क्रीनवरची जागा खातं. १३६६ बाय ७६८ ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) स्वस्त लॅपटॉपवर १५० टक्के केलं की प्रोग्रामच्या लेखी ९११ बाय ५१२ एवढीच जागा उरते. मग जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरची खिडकी उघडते, पण खालचं सेव्हचं बटण स्क्रीनच्या बाहेर. (तात्पुरता उपाय: ऑल्ट आणि स्पेस, मग एम, आणि बाणाच्या कळीने खिडकी वर सरकवायची.) १९२० बाय १०८० वर, म्हणजे फुल एचडीवर, तेच १५० टक्के केलं तर १२८० बाय ७२० उरतात आणि बहुतेक कामं निभतात. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर आधी स्क्रीन फुल एचडी करा.

ॲक्सेसिबिलिटीमधला टेक्स्ट साइज फक्त अक्षरं वाढवतो, २२५ टक्क्यांपर्यंत. मेनू, सेटिंग्ज, फाइलींची नावं छान मोठी होतात आणि जागा कमी जाते. कडेचं दिसणं गेलेल्यांना हा मार्ग सोसतो. पण जुने प्रोग्राम त्याला जुमानत नाहीत, आणि जे जुमानतात त्यातल्या काहींत अक्षर मोठं, चौकट तेवढीच, त्यामुळे वेलांट्या आणि उकार कापले जातात. मराठीत काम करणाऱ्याने हे आपल्याच सॉफ्टवेअरवर तपासावं, इंग्रजी खिडकी बघून समाधान मानू नये.

मॅग्निफायर म्हणजे विंडोजमधलंच स्क्रीन मोठी करून दाखवणारं भिंग. सुरू करायला विंडोज कळ आणि अधिकचं चिन्ह. बंद करायला विंडोज आणि एस्केप. तो १६ पटींपर्यंत जातो आणि कुठल्याही प्रोग्रामवर चालतो, हा त्याचा मोठा गुण. पण पूर्ण स्क्रीन तीन पट केली की एका वेळी पडद्याचा नववा हिस्साच दिसतो. ओळीच्या डाव्या टोकाला नाव वाचायचं, उजवीकडे रक्कम बघायला सरकायचं, तोवर नाव मनातून जातं. दिवसभर असं काम केल्यावर मान आणि डोकं दोन्ही धरतात. एखादा सहीचा शिक्का किंवा स्कॅन केलेला सातबारा बघायला तो उत्तम. सवयीने दिवसभर वापरायचाच असेल, तर पूर्ण स्क्रीनऐवजी वरच्या पट्टीचा प्रकार निवडा. खाली मूळ स्क्रीन तशीच राहते, आपण कुठे आहोत ते कळतं.

रेझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांची संख्या, कमी करू नका. दुकानातली मुलं पटकन तेच करून देतात. अक्षर मोठं होतं खरं, पण कडा पसरतात, आणि भ-म, घ-ध यांतला जो फरक शिरोरेघेपाशी असतो तोच आधी पुसला जातो.

जुन्या प्रोग्रामचं दुखणं वेगळं आहे. तो १०० टक्क्यांच्या हिशेबानेच लिहिलेला असतो, मग विंडोज त्याचं चित्र काढून ताणतं आणि अक्षरं धुरकट दिसतात. त्याच्या आयकॉनवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआयच्या सेटिंगमध्ये 'सिस्टम (एनहान्स्ड)' निवडा. २०१७ पासून विंडोज १० मध्ये ही सोय आहे. सगळ्या प्रोग्रामना ती लागू पडत नाही, पण ज्यांना पडते त्यांचा मजकूर लख्ख होतो. सॉफ्टवेअर बदलायच्या खर्चाआधी ही दोन मिनिटं द्यायलाच हवीत.

मॅक घ्यावा का, असंही विचारलं जातं. त्यात कमांड कळ दाबून धरली की माऊसखालचा मजकूर मोठ्या चौकटीत दिसतो. २०१९ पासूनची ही सोय मला फार आवडते. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजचंच असेल तर तेवढ्यासाठी मॅक घेऊ नये. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर लार्ज टेक्स्ट एका बटणाने सव्वापट होतो. ब्राउझरवरच काम असेल तर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह पुरतं.

खरेदीचं बोलायचं तर २१.५ इंचांऐवजी २७ इंची फुल एचडी मॉनिटर घेतला, की काहीही न बदलता अक्षर सव्वापट मोठं होतं. पण ६० सेंटिमीटरवरचा मॉनिटर ३० वर आणला तर दुप्पट दिसतं, म्हणून पुढे-मागे सरकणारा आर्म मला मोठ्या पडद्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. जवळचं काम असल्याने चष्म्याचा नंबर त्या अंतरासाठी काढून घ्यावा लागेल.

गाळ्यावरच्या त्या माणसाला मी हे करून देईन: फुल एचडी मॉनिटर आर्मवर, स्केल १५० टक्के, बिलिंग प्रोग्रामला एनहान्स्डचं सेटिंग, माऊसचा बाण मोठा आणि पिवळा. मॅग्निफायर फक्त अडेल तेव्हा. काचबिंदू असेल तर स्केल १२५ टक्के आणि गडद कॉन्ट्रास्ट थीम. एवढं करूनही तासाभरात डोळे थकत असतील, तर अक्षर आणखी फुगवण्यात अर्थ नाही. फुकट मिळणारा एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम सोबत लावा. तो मराठीही बोलतो, पण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं त्या सर्वमान्य पद्धतीत, हवा. जुन्या फॉन्टमधली पट्टी तो वाचायला गेला तर निरर्थक इंग्रजी अक्षरं ऐकू येतील, तेव्हा मालकाने आधी तो डेटा बदलून घ्यावा.