कुत्र्याची उकराउकरी थांबवणारी गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी

अंगण उकरणाऱ्या कुत्र्यासाठी उग्र वासाच्या फवारणीच्या औषधांपेक्षा ही गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जाळी कितीतरी भरवशाची. फवारणीचा वास एका पाण्यात धुऊन जातो. मात्र घेताना वेल्डेड, म्हणजे तारा एकमेकींना वेल्डिंगने जोडलेली जाळीच घ्या. षट्कोनी छिद्रांची कोंबडी-जाळी पातळ असते, लवकर गंजते आणि तुटलेल्या तारा पंजात घुसतात.

वाफ्यात १ ते २ इंची छिद्रांची जाळी ५ ते ७ सेंमी खोल अंथरा. कडा खाली वळवा, जोडावर १५ सेंमी एकावर एक घेऊन तारेने बांधा आणि दर ३०-४० सेंमीवर यू आकाराची खुंटी ठोका. बहुतेक ठिकाणी फसते ते इथेच: खुंट्या कमी पडल्या की कड वर येते, आणि कुत्रा नेमकी तीच ओढतो. कुंपणालगत जाळी काटकोनात वाकवून ३० सेंमी उभी कुंपणाला बांधा, ६० सेंमी आतल्या बाजूला जमिनीत आडवी पसरा. झाडांच्या बुंध्याभोवती मोकळी जागा सोडा, नाहीतर खोड वाढताना तार रुतते.

उकरण्याची ओढ मात्र जाळीने जात नाही. उन्हाने तापलेला कुत्रा गारव्यासाठी उकरतो, कंटाळलेला वेळ घालवायला. त्याला सावली, फिरणं आणि खेळणी पुरलेला वाळूचा एक हौद द्याच.