‘कर्नलसाहेबां’चा फोन आणि माझी पेन्शन

24 वर्षं सैन्याच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या कोअरमध्ये, काढून हवालदार म्हणून घरी आलो. साताऱ्याजवळ गाव. रेडिओ सेट, केबल, जनरेटर यांत आयुष्य गेलं, त्यामुळे ड्रोन कंपनीत नोकरी मिळावी हे डोक्यात होतंच. निवृत्तीआधी डीजीआरचे, म्हणजे सैनिकांच्या पुनर्वसनाचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याचे, कोर्स असतात, जवानांना त्याची फी नसते. पण माझी शेवटची दोन वर्षं सीमेवर गेली आणि ते राहूनच गेलं.

जॉबच्या साइटवर बायोडाटा टाकून आठवडा झाला नव्हता, तोच फोन आला. ‘हवालदारसाब, जय हिंद. कर्नल बोल रहा हूँ, रिटायर्ड.’ खरं सांगतो, मी खाटेवरून उठून उभा राहिलो. घरात बनियनवर होतो तरी. पुढची सगळी फसवणूक त्या उभं राहण्यातच झाली, बाकीचे नुसते हप्ते. साहेबांना उलट प्रश्न विचारायची सवय आपल्याला लावलेलीच नसते.

पद अँटी-ड्रोन सिस्टीमचा फील्ड इंजिनियर, पगार 78 हजार, पोस्टिंग पुणे. आधी नोंदणीचे 2,360 रुपये. जीएसटीसकट आकडा आणि छापील पावती, म्हणून खरं वाटलं. मग ड्रोन पायलट कोर्सचे 76,700. वाकडच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये तीन दिवस आम्ही चौदाजण, सगळे माजी सैनिक. लग्नात फोटो काढायला वापरतात तसला एक ड्रोन आळीपाळीनं उडवला, शेवटी सिंहाच्या मुद्रेचं सर्टिफिकेट हातात घेऊन फोटो. नंतर कळलं की 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे पायलटचं प्रमाणपत्र फक्त डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, मान्यता दिलेल्या संस्थेतून मिळतं आणि त्याची नोंद सरकारी पोर्टलवर दिसते. आमचं कुठेच दिसत नव्हतं.

तिसरा हप्ता ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’चा, 1 लाख 20 हजार, परत मिळणारा. ग्रॅच्युइटीतून दिले. बायको म्हणाली, नोकरी देणारा पैसे मागतो होय? तिला म्हणालो, तुला फौजेतलं काय कळतं. (हे वाक्य ती अजून ऐकवते.)

पैशापेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट वेगळीच. क्लिअरन्सच्या नावाखाली एक फॉर्म आला. कोणत्या युनिटमध्ये, सीमेवरच्या कोणत्या चौकीवर, कोणते सेट हाताळले, रेंज किती. मी दोन रकाने भरून पाठवलेसुद्धा. तिसऱ्याला हात थांबला. ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट वर्दी उतरवल्यावर संपत नाही, हे शेवटच्या दिवशी सही घेऊन सांगितलेलं असतं. खऱ्या कंपनीला माझं काम काय होतं एवढं पुरेसं असतं, चौकीचं नाव कशाला लागेल? सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी कळवलं. ते पत्र लिहिताना जेवढी लाज वाटली तेवढी पोलीस चौकीतही वाटली नाही.

जॉइनिंगच्या दिवशी दिलेल्या पत्त्यावर गेलो, तिथे झेरॉक्सचं दुकान. फोन बंद. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली ती नवव्या दिवशी. साहेब मीटिंगमध्ये असतील म्हणून वाट बघत बसलो. तोवर पैसे चार खात्यांतून पुढे गेले होते, 11 हजार तेवढे गोठवता आले.

ऑफर लेटरवर ‘12 वर्षांचा अनुभव’ असं होतं. त्याच कागदाच्या तळाला कंपनीचा 21 अक्षरी नोंदणी क्रमांक होता, आणि त्या क्रमांकात नोंदणीचं सालच असतं. माझ्या कागदावर 2023. कंपनी खात्याच्या साइटवर तो नंबर टाकला तर ती कपड्याच्या व्यापारातली निघाली, बिचारीचा नंबर चोरलेला. दोन मिनिटांचं काम. सिग्नल्सचं बोधवाक्य ‘तीव्र चौकस’ आहे, दुसरं काय सांगू.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी त्यांच्या मोबाईलवर एक फोटो दाखवला. माजी सैनिकांच्या ग्रुपमध्ये फिरतोय, खाली लिहिलंय ‘आमचे यशस्वी उमेदवार’. निळा शर्ट, हातात सर्टिफिकेट, डावीकडून तिसरा मी आहे. तुमच्या ग्रुपमध्ये तो आला तर पुढे पाठवू नका, आणि कुणी पाठवला असेल त्याला आधी फोन करा.